एका वर्षाच्या करारात किशोरवय मावत नाही : विद्यापीठाच्या निवड समितीला खुलं पत्र

सन्माननीय विभागप्रमुख आणि निवड समितीचे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन मुलामुलींच्या शरीरप्रतिमेचा, म्हणजे बॉडी इमेजचा, अभ्यास करण्यासाठी आपल्या विभागात संशोधकाचं पद भरलं जाणार आहे, ही जाहिरात वाचून मला मनापासून आनंद झाला. मी शाळेत समुपदेशक आहे. बारा ते सोळा वयाची मुलं माझ्याकडे येतात. येताना कारण अभ्यासाचं असतं, तुटलेल्या मैत्रीचं असतं, घरातल्या भांडणाचं असतं. पण बोलता बोलता त्यांतली बरीच मुलं स्वतःच्या शरीरापाशी येऊन अडखळतात. या वयात असं व्हायचंच, असं म्हणून मोठी माणसं हा विषय सोडून देतात. आपण तो सोडला नाही, त्यासाठी स्वतंत्र पद निर्माण केलं, याबद्दल आपले आभार.

पण त्या पदाच्या अटी वाचल्या आणि मी अस्वस्थ झाले. करार एक वर्षाचा. काम म्हणजे शाळाशाळांतून प्रश्नावल्या भरून घेणं, आकडेवारीचं विश्लेषण आणि वर्षअखेरीस शोधनिबंध. पात्रतेत पदव्युत्तर पदवी, संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरचं ज्ञान आणि प्रकाशित निबंधांची यादी. मुलांबरोबर काम केल्याचा अनुभव कुठेच मागितलेला नाही. एखाद्या मुलानं प्रश्नावलीत काळजीचं काही लिहिलं तर पुढे काय करायचं, याबद्दल एक ओळही नाही. अर्जांची मुदत अजून संपलेली नाही, अटी बदलता येतात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. माझी मुख्य विनंती एकच आहे : हे पद किमान चार वर्षांचं करा, आणि त्या चार वर्षांत संशोधकाला त्याच मुलांकडे पुन्हा पुन्हा जाऊ द्या.

का, ते सांगते.

मुलं माझ्यासमोर बसून ‘मला माझं शरीर आवडत नाही’ असं वाक्य सहसा म्हणत नाहीत. एखादी मुलगी भर उन्हाळ्यात स्वेटर काढत नाही. एखाद्या मुलाचं पोट नेमकं खेळाच्या तासालाच दुखतं. वर्गाचा फोटो काढायचा असेल त्या दिवशी कुणीतरी गैरहजर असतं. चेहऱ्यावर मुरमं आली की एखादी हुशार मुलगी हात वर करून उत्तर देणं सोडते, आणि शिक्षकांना वाटतं तिचं अभ्यासातून लक्ष उडालं. ढब्बू, काडी, बुटका, काळी असे शब्द मधल्या सुट्टीत इतक्या सहज उडत असतात की ज्याला लागले त्याचं तोंड कुणी पाहत नाही. आपल्या संशोधकाला हे सगळं टिपायचं आहे, आणि हे टिपायला त्या वर्गात, त्या मैदानाच्या कडेला बराच काळ असावं लागतं.

आपण सर्व जाणकार आहात, तरी एक उजळणी करते. १९३५ मध्ये मनोविकारतज्ज्ञ पॉल शिल्डर यांनी शरीरप्रतिमा म्हणजे आपल्या मनात तयार झालेलं आपल्याच शरीराचं चित्र, असं मांडलं. १९६२ मध्ये हिल्डे ब्रुख यांनी अ‍ॅनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळण्याच्या आजाराच्या, रुग्णांमध्ये हे चित्र कसं बिघडतं यावर लिहिलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या वेगवेगळ्या बाजू केल्या : शरीर आपल्याला कसं दिसतं, त्याबद्दल काय वाटतं, आपण काय विचार करतो आणि त्यापायी कसं वागतो. प्रश्नावलीत वाटणं आणि विचार थोडेफार उतरतात. वागणं मात्र फार कमी उतरतं. स्वेटरबद्दलचा प्रश्न मी तरी कुठल्या प्रश्नावलीत पाहिलेला नाही.

आता वयाकडे पाहू. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात आठव्या ते तेराव्या वर्षाच्या दरम्यान कधीही झाली तरी ती सर्वसाधारण मानली जाते. मुलग्यांमध्ये नवव्या ते चौदाव्या वर्षाच्या दरम्यान. म्हणजे बारा वर्षांच्या मुलांच्या एकाच वर्गात एकीची वाढ जवळजवळ पुरी झालेली असते आणि तिच्या शेजारचीची सुरूही झालेली नसते, आणि दोघीही अगदी निरोगी असतात. पण त्या दोघी स्वतःला एकमेकींच्या मापानं मोजतात. वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढणं ही निरोगी वाढीची खूण आहे. पण आजूबाजूची प्रत्येक जाहिरात बारीक शरीराची स्तुती करत असल्यामुळे मुलीला ती स्वतःची चूक वाटते. मुलग्यांचे खांदे रुंदावतात, स्नायू भरतात, म्हणून त्यांचं बरं चाललंय असा समज असतो. ज्याचा आवाज अजून फुटलेला नाही, जो रांगेत सर्वांत पुढे उभा केला जातो, त्या मुलाला विचारा.

अशा वर्गात एकदाच प्रश्नावली वाटली तर हाती काय येईल? त्या एका दिवशी कोण किती असमाधानी होतं, एवढंच. असमाधान आधी आलं की चिडवणं आधी आलं, फोनवर तासन्‌तास इतरांचे फोटो पाहिल्यामुळे मुलगी खिन्न झाली की खिन्न होती म्हणून फोनमध्ये शिरली, हे एका दिवसाच्या उत्तरांतून कळत नाही. आपल्या विद्यार्थ्यांना आपण हेच शिकवता. मग पद निर्माण करताना ते कसं विसरून चालेल?

या क्षेत्रात ज्या अभ्यासांनी खरोखर काही नवं दाखवलं, त्यांच्या मागे वर्षं आहेत. अ‍ॅन बेकर या अभ्यासकाचं पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरचं काम घ्या. नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. बेकर त्याच्या आधीपासून तिथल्या लोकांमध्ये काम करत होत्या. भरलेलं, दणकट शरीर तिथे मानाचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी १९९५ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याविषयीच्या चाचणीत काळजीच्या पातळीवर असलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन ताब्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि प्रत्येक गटात साठ-पासष्टच जणी होत्या, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे. तरीही तो आजवर वाचला जातो, कारण बेकर बदलाच्या आधी तिथे होत्या, बदलानंतरही होत्या, आणि मुलींशी सविस्तर बोलल्या होत्या. पडद्यावरच्या बायकांसारखं दिसलं तर आयुष्यात पुढे जाता येईल, हे त्या मुलींचं म्हणणं मुलाखतींतून पुढे आलं. नुसत्या गुणांकातून ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट ईट’ या मुलांच्या खाण्याच्या आणि वजनाच्या अभ्यासाचं. डायान न्यूमार्क-स्टायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८-९९ मध्ये ४,७४६ शाळकरी मुलामुलींपासून सुरुवात केली आणि त्यांतल्या अनेकांना पुढे मोठेपणापर्यंत गाठत राहिले. २००६ मध्ये त्यांनी एक प्रश्न विचारला, जो प्रत्येक पालकसभेत माझ्यासमोर येतो : स्वतःच्या शरीराबद्दल थोडी नाराजी असलेली बरी ना, त्यानं मूल व्यायाम तरी करेल? पाच वर्षांच्या नोंदींतून उत्तर उलटं निघालं. जी मुलं शरीरावर नाराज होती ती पुढे उपाशी राहणं, अघोरी उपायांनी वजन उतरवणं, एकदम अधाशासारखं खाणं याकडे अधिक वळली, आणि त्यांची शारीरिक हालचाल कमी झाली. २०१७ मध्ये याच मुलांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट समोर आली. किशोरवयात वजनावरून ज्यांना चिडवलं गेलं, त्यांच्यात मोठेपणी लठ्ठपणाचं प्रमाण जास्त होतं. ‘तिच्या भल्यासाठीच बोलतो’ असं म्हणणाऱ्या आईवडिलांना मी आज काही ठामपणे सांगू शकते ते या निष्कर्षांच्या बळावर. तो अभ्यास एका वर्षात गुंडाळला असता तर माझ्याकडे सांगायला काही नसतं.

पैशांची अडचण मला समजते. म्हणून असंही सुचवते की मोठ्या नमुन्याचा आग्रह थोडा सोडा. पुष्कळ शाळांमध्ये एकेकदा जाण्यापेक्षा दोन-तीनच शाळा निवडा, आणि अकरा वर्षांची मुलं पंधरा वर्षांची होईपर्यंत त्यांच्यासोबत राहा. दर सहा महिन्यांनी प्रश्नावली, अधूनमधून मुलाखती, मध्ये शाळेत नियमित वावर. माझ्या मते विज्ञान म्हणूनही हे अधिक भरीव ठरेल.

साधनांबद्दल थोडं बोलायला हवं. स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांची १९८३ ची आकृत्यांची पट्टी अजूनही सर्रास वापरली जाते : नऊ आकृत्या, अगदी बारीक ते अगदी लठ्ठ, त्यांतली ‘मी’ कोणती आणि ‘मला हवी’ ती कोणती. वापरायला सोपी आहे, पण त्या आकृत्या प्रौढांच्या आहेत आणि त्यांत फक्त जाडी बदलते. उंची, रंग, मुरमं, केस, भाजल्याचा व्रण, कोड, वाकडा पाय यांना त्या पट्टीत जागा नाही, आणि माझ्या खोलीत येणारी निम्मी दुःखं याच यादीतली असतात. १९८७ ची चौतीस प्रश्नांची बॉडी शेप प्रश्नावली तरुण स्त्रियांच्या अनुभवांवर बेतली आहे. ती मुलग्यांना दिली की ते ठीकठाक निघतात, कारण त्यांच्या मनातला प्रश्न तिच्यात नाही. बऱ्याच मुलग्यांना बारीक व्हायचं नसतं, त्यांना भरायचं असतं. मॅक्रीरी आणि सॅस यांनी २००० मध्ये पिळदारपणाच्या ओढीचं मोजमाप तयार केलं ते यासाठीच. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्नायूंच्या ध्यासातून होणाऱ्या विकाराचं वर्णन केलं, आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पुस्तिकेत, त्याची नोंद झाली. एवढं असूनही शाळेत येणारा संशोधक ‘मुलींचा एक वर्ग द्या’ असंच म्हणतो. मुलगे, अपंग मुलं आणि ज्यांना आपलं शरीर आपल्या ओळखीशी जुळत नाही असं वाटतं अशी मुलं या अभ्यासातून वगळली जाऊ नयेत. कुठलीही प्रश्नावली वापरण्याआधी पाच-सहा मुलांना ती मोठ्यानं वाचायला सांगा आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते ऐका. एक दुपार जाते, पण पुढचा घोळ टळतो.

यापुढचा भाग माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. काही काळापूर्वी एका संस्थेचं पथक आमच्याकडे आलं होतं. मुलांना बाकांवर खेटून बसवूनच प्रश्नावल्या वाटल्या. एका हाताने लिहायचं आणि दुसऱ्या हातानं झाकायचं, असं चाललं होतं. नंतर वर्गासमोरच वजनं घेतली आणि आकडा मोठ्यानं उच्चारून दुसऱ्याला लिहून घ्यायला सांगितला. वजनाची भीती मोजायला आलेल्या माणसांनी तीच भीती वर्गभर पसरवली. प्रश्नावल्या गठ्ठे बांधून गेल्या आणि त्यांत कुणी काय लिहिलं होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. त्यांत एखाद्या मुलीनं ‘मी रोज उलटी काढते’ या ओळीसमोर खूण केली असेल, तर तो कागद आजही कुठल्या तरी कपाटात पडून असेल.

म्हणून नेमणूकपत्रातच हे लिहा : भरलेली प्रत्येक प्रश्नावली त्याच दिवशी वाचली जाईल, काळजीची उत्तरं कुणाकडे जातील ते आधीच ठरलेलं असेल, आणि मुलांना सुरुवातीलाच सांगितलं जाईल की तुमचं उत्तर गुप्त राहील, पण तुमच्या जिवाला धोका दिसला तर आम्ही गप्प बसणार नाही. नाव न घालता प्रश्नावली घेण्याची पद्धत मला माहीत आहे. तिथे निदान एक संकेतांक ठेवा, ज्याची यादी फक्त एका जबाबदार व्यक्तीकडे असेल. वजन घ्यायचंच असेल तर वेगळ्या खोलीत, एकेकाला, आकड्याकडे पाठ करून उभं करून, एकही शेरा न मारता घ्या. पालकांची संमती लागतेच; पण मुलाचा स्वतःचा होकारही तितक्याच गांभीर्यानं घ्या. सगळा वर्ग लिहीत असताना ‘मला नाही भरायची’ असं म्हणणं तेरा वर्षांच्या मुलाला जवळजवळ अशक्य असतं. नकार देणाऱ्यालाही त्या वेळेत करता येईल असं काहीतरी हातात द्या, म्हणजे कोण भरतंय आणि कोण नाही हे शेजाऱ्याला कळणार नाही.

विचारल्यानंच मुलांच्या डोक्यात नको ते शिरेल, असं काही मुख्याध्यापक आपल्याला सांगतील. आत्महत्येच्या विचारांबाबत ही शंका मॅडलिन गुल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांबरोबर तपासली होती. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, थेट प्रश्न विचारल्यामुळे मुलांचा ताण किंवा ते विचार वाढल्याचं दिसलं नाही. तेव्हा विचारायला घाबरू नका. मात्र वजन उतरवण्याच्या घातक उपायांची तपशीलवार यादी बारा वर्षांच्या मुलासमोर ठेवणं मला पटत नाही. तो भाग मुलाखतीत, मूल स्वतः जिथवर जाईल तिथवरच न्यावा.

मग असं पद कुणाला द्यावं? प्रकाशित निबंध मोजण्याआधी उमेदवाराला मुलांच्या एका गटासमोर अर्धा तास बसवा आणि पाहा. मुलं संशोधकाचं शरीर पाहतात, त्याचं बोलणं टिपतात. ‘आज जरा जास्तच खाल्लं, आता उद्या उपास’ हे वाक्य जेवणाच्या सुट्टीत सहज तोंडून गेलं, तर सकाळभर विचारलेल्या प्रश्नांचा अर्थ मुलांपुरता बदलतो. स्वतःच्या शरीराविषयी आपण काय बोलतो याचं भान असलेला, शांत राहू शकणारा, रडणाऱ्या मुलासमोर पेन खाली ठेवणारा माणूस शोधा. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर सहा महिन्यांत शिकवता येतं. आणि कृपा करून मुलाखतीच्या गुणपत्रिकेत ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्याखाली उमेदवाराच्या दिसण्याला गुण देऊ नका. या पदासाठी तर मुळीच नको.

निधी कुठून येतो तेही जाहीर करा. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली. किशोरवयीन मुलींपैकी तिघींमागे एकीच्या बाबतीत हे अ‍ॅप शरीराविषयीचे प्रश्न आणखी वाढवतं, असं त्यांतल्या एका सादरीकरणात लिहिलं होतं. ज्या मुलींना आधीच हा त्रास होता त्यांच्यापुरताच तो आकडा आहे, असं कंपनीनं म्हटलं. हा वाद बाहेरच्या अभ्यासकांना तेव्हा नीट तपासता आला नाही, कारण मूळ माहिती कंपनीच्याच ताब्यात होती. विद्यापीठाचं काम यापेक्षा वेगळं असतं म्हणून तर आम्ही शाळेचं दार उघडतो. सौंदर्यप्रसाधनं, वजन घटवण्याचे उपाय किंवा समाजमाध्यमं विकणाऱ्या कुणाचा पैसा या पदामागे असेल, तर निष्कर्ष छापण्यावर त्यांचा कोणताही हक्क नाही, हे पालकांना लेखी द्या.

शेवटी, मुलांना त्यांचं उत्तर परत मिळायला हवं. मोठ्यांना जे उपाय सुचतात ते पुष्कळदा लागू पडत नाहीत. फ्रान्सनं २०१७ पासून जाहिरातींतल्या बदललेल्या शरीरांच्या फोटोंवर तसं लिहिणं बंधनकारक केलं, नॉर्वेनं २०२२ पासून. हेतू चांगलाच होता, पण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या मारिका टिगमन आणि इतरांच्या प्रयोगांत अशा सूचनांमुळे पाहणाऱ्याचं असमाधान फारसं कमी होताना दिसलं नाही. उलट एरिक स्टाइस आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या पद्धतीत मुली स्वतःच त्या ‘आदर्श’ शरीराविरुद्ध बोलतात, लिहितात, अभिनय करून दाखवतात. आणि तिचा उपयोग अनेक चाचण्यांमध्ये दिसून आला आहे. मुलांना बोलतं केल्यानं फरक पडतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं बारावं कलम मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क देतं. तेव्हा या अभ्यासासाठी मुलामुलींचा एक छोटा सल्लागार गट करा, प्रश्न ठरवतानाच त्यांना बोलवा, आणि दर वर्षी जे कळलं ते त्याच वर्गात जाऊन, त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा. शोधनिबंध नंतर येऊ द्या.

आमच्या शाळेत एक खोली आहे, दाराला आतून कडी आहे आणि खिडकीला पडदा आहे. संशोधकासाठी ती आठवड्यातून दोन दिवस मोकळी ठेवायला मुख्याध्यापक तयार आहेत. प्रश्नावल्या त्याच दिवशी वाचायच्या असतील तर मी संध्याकाळी थांबेन. पदाची मुदत वाढवणं शक्य आहे की नाही, आणि काळजीच्या उत्तरांची जबाबदारी विभागात कुणाकडे असेल, एवढं अर्जांची मुदत संपण्यापूर्वी जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

आपली,
एक शालेय समुपदेशक